‘लॅटिनो’ हा एक गट आहे का? आरोग्य विषमतेच्या अभ्यासातून शिकण्यासारखं काही

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या सिनॉप्सिसमध्ये मी मोठ्या आत्मविश्वासानं लिहिलं होतं की अमुक गटात मधुमेह जास्त आढळतो, म्हणून त्या गटाचा अभ्यास करायचा. गाईड मॅडमनी समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलं, “गट हे कारण असतं का?” मला उत्तर देता येईना. ते सापडलं अमेरिकेतल्या लॅटिनो लोकांवरच्या संशोधनात, म्हणून आज त्याविषयी.

मेक्सिको, क्युबा, प्वेर्तो रिको, डॉमिनिकन रिपब्लिक, दक्षिण अमेरिका... इतक्या ठिकाणांहून आलेली माणसं अमेरिकेच्या आकडेवारीत बहुतेक वेळा एकाच रकान्यात बसवली जातात. ‘हिस्पॅनिक कम्युनिटी हेल्थ स्टडी’ या मोठ्या अभ्यासानं हा रकाना फोडला. २००८ ते २०११ या काळात ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो इथल्या १८ ते ७४ वयाच्या १६,४१५ लोकांची तपासणी झाली आणि प्रत्येकाचं मूळ कुठलं, हे वेगळं नोंदवलं गेलं.

२०१४ साली मधुमेहाचे आकडे प्रसिद्ध झाले. सगळ्यांचं मिळून प्रमाण १६.९ टक्के. पण फोड केल्यावर काय दिसलं? मूळ दक्षिण अमेरिकेतल्या लोकांत १०.२ टक्के, क्युबन लोकांत १३.४ आणि मेक्सिकन लोकांत १८.३. म्हणजे सरासरी चुकीची नव्हती, पण तिच्या आड एवढा मोठा फरक लपला होता!

आता इथेच थांबलो तर आपण ‘लॅटिनो’च्या जागी ‘मेक्सिकन’ हे लेबल लावलं, एवढंच होईल. अभ्यास पुढे गेला. शिक्षण आणि उत्पन्न कमी तिथे मधुमेह जास्त. अमेरिकेत राहून जितकी वर्षं जास्त, तितकं प्रमाणही जास्त. शिवाय ज्यांना मधुमेह होता त्यांच्यापैकी ५८.७ टक्के लोकांनाच तो आहे हे ठाऊक होतं, आणि आरोग्य विमा जेमतेम ५२.४ टक्क्यांकडे होता. विमा नसणं काही रक्तातून येत नाही. अर्थात, हे सगळं एकाच वेळी मोजलेलं आहे. त्यामुळे ‘अमेरिकेत राहिल्यामुळेच मधुमेह झाला’ असं यावरून म्हणता येणार नाही. संबंध दिसला, कारण सिद्ध झालं नाही. व्हायव्हात हमखास अडकवणारा मुद्दा आहे हा!

मग विषमता कमी कशी करायची? टेक्सासमध्ये मेक्सिकोच्या सीमेला लागून स्टार काउंटी आहे. तिथे शेरन ब्राउन आणि सहकाऱ्यांनी मधुमेह असलेल्या २५६ मेक्सिकन-अमेरिकन लोकांवर प्रयोग केला. वर्ग स्पॅनिशमध्ये, शिकवणाऱ्या परिचारिका आणि आहारतज्ज्ञ त्याच समाजातल्या, आहाराचा सल्ला घरच्या जेवणाला धरून, आणि सोबत घरचं किंवा जवळचं एक माणूस. तुलनेसाठीच्या गटालाही वर्षभरानं हेच शिक्षण मिळणार होतं, कोणालाही कायमचं वंचित ठेवलं नाही. सहा महिन्यांनी शिकलेल्या गटाचं एचबीएवनसी, म्हणजे आपण ज्याला ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतो ते, दुसऱ्या गटापेक्षा सरासरी १.४ अंकांनी कमी होतं. तरीही ते १० च्या वरच राहिलं. संशोधकांनी हेही स्पष्ट लिहिलं, आणि मला त्यांचं हेच जास्त आवडलं. भाषेची अडचण दूर झाली तरी बाकीच्या अडचणी तशाच राहतात.

मी सिनॉप्सिस पुन्हा लिहिला. ‘या गटात मधुमेह जास्त का?’ याऐवजी आता प्रश्न आहे, ‘या गटातल्या कोणाचं निदान उशिरा होतं, आणि कशामुळे?’

तुमचा आराखडा लिहिताना तीन गोष्टी बघा. तुमचा गट कोणी आणि कशासाठी ठरवला? त्याची फोड करता येईल एवढा नमुना आहे का? आणि जे मोजताय, त्यातलं बदलता येण्याजोगं काय आहे? तिसऱ्याचं उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं, तर गाईडकडे जाण्याआधी प्रश्न एकदा बदलून बघा.