मिनिटाला तीन हजार गोळ्या, पण वाहायच्या कुणी?

१९८७ च्या 'प्रिडेटर' चित्रपटात एक धिप्पाड सैनिक सहा नळ्यांची मिनीगन हातात धरून जंगलच्या जंगल कापून काढतो. चित्रीकरणात त्या बंदुकीची मोटर फिरवणारी वीज अभिनेत्याच्या पँटमधून नेलेल्या केबलने येत होती, काडतुसं बिनगोळीची होती, आणि नळ्या फिरताना दिसाव्यात म्हणून वेगही मुद्दाम उतरवला होता. चार वर्षांनी 'टर्मिनेटर २' मध्ये श्वार्झनेगरच्या हातात मिनीगन आली आणि जगभरच्या पोरांची खात्रीच पटली की, ताकद असली तर हे हत्यार घेऊन हिंडता येतं.

आता हिशेब मांडू. ७.६२ मिलिमीटरची नाटो गोळी साधारण साडेनऊ ग्रॅमची. ती सेकंदाला ८०० मीटरहून जास्त वेगाने सुटते. मिनिटाला ३,००० म्हणजे सेकंदाला ५० गोळ्या. नुसत्या गोळ्यांचाच मागे येणारा रेटा ४० किलो वजनाइतका भरतो, आणि नळीतून सुटणाऱ्या वायूंचा वेगळा. रायफलचा धक्का बसतो आणि ओसरतो, हा घोड्यावरचं बोट उचलेपर्यंत ओसरत नाही. तरी पाय रोवून, पुढे झुकून एखादा पैलवान तो सोसेलही. ओझ्याचं काय करायचं? मूळ मिनीगन ३९ किलोंची. पुढे टायटॅनियम वापरून ती निम्म्यावर आणली, पण मोटरला बॅटरी लागतेच. एक काडतूस २४ ग्रॅमचं, म्हणजे बंदूक सेकंदाला सव्वा किलो माल गिळते. पाठीवर ३० किलो काडतुसं घेतली तरी २५ सेकंदांत खेळ आटोपला.

ही अडचण बंदुकीइतकीच जुनी. रिचर्ड गॅटलिंगने १८६२ मध्ये पेटंट घेतलेली हाताने फिरवायची बहुनळी बंदूक तोफेसारखी चाकांवर बसवून घोड्यांनी ओढावी लागे. १८७६ मध्ये मूळ रहिवाशांविरुद्धच्या लिटल बिगहॉर्नच्या मोहिमेवर निघताना अमेरिकी घोडदळाचा अधिकारी कस्टर याला गॅटलिंगची तुकडी देऊ केली होती. वाटचाल मंदावेल म्हणून त्याने ती नाकारली, आणि तो मारला गेला. त्या नकाराबद्दल त्याला आजवर बोल लावला जातो. मला मात्र वाटतं, निदान वाटचालीचा त्याचा अंदाज बरोबर होता. १८९८ मध्ये क्यूबात सान हुआन टेकडीवर त्याच गॅटलिंगने कमाल केली, कारण अमेरिकी लेफ्टनंट पार्करने ती वेळेवर पुढे ओढून नेली होती.

मग एवढा वेग हवाच कशाला? व्हिएतनाममधलं हेलिकॉप्टर सेकंदाला ४० मीटर वेगाने चाललंय असं धरा. दारातली एम-६० मशीनगन सेकंदाला नऊएक गोळ्या झाडते, म्हणजे जमिनीवर साडेचार मीटरला एक. त्या फटीत माणूस आरामात पडून राहील. मिनीगनने ही फट मीटरच्याही आत आणली. सहा नळ्यांत काम वाटलं गेल्याने प्रत्येक नळी मिनिटाला ५०० च गोळ्या झाडते, त्यामुळे ताप आटोक्यात राहतो. एखादं काडतूस फुसकं निघालं तर मोटर ते बाहेर फेकून पुढे चालते. वीज गेली की मात्र सगळंच ठप्प.

वाहनाचं नेमकं मोल सहारात दिसलं. जुलै १९४२ मध्ये एसएएस या ब्रिटिश छापामार पथकाच्या १८ जीप रात्री इजिप्तमधल्या सिदी हनैशच्या जर्मन धावपट्टीवर घुसल्या. जीपवर विमानांसाठी बनलेल्या व्हिकर्स के मशीनगन, मिनिटाला हजाराच्या आसपास गोळ्या झाडणाऱ्या. तिची चकती शंभरेक गोळ्यांची, म्हणजे सहा सेकंदांची चंगळ. चकत्यांचा ढीग, पाणी, पेट्रोल, सगळं जीपने वाहिलं. धावपट्टीवर रांगेने उभ्या विमानांमधून जीप गोळीबार करत गेल्या आणि तीसहून जास्त विमानं निकामी करून वाळवंटात पांगल्या. मात्र या यशात शत्रूच्या बेसावधपणाचा वाटा मोठा होता. जीपला चिलखत नव्हतं. उजाडल्यावर वरून विमान आलं की पळणं आणि लपणं एवढंच हाती.

पायी चालणाऱ्यांना वेग कितपत झेपतो, हे जर्मनांच्या एमजी-४२ ने दाखवलं. मिनिटाला १,२०० गोळ्या आणि वजन साडेअकरा किलो. शत्रू क्षणभरच दिसतो, त्या क्षणात जितक्या गोळ्या जातील तितक्या जाव्यात, हा विचार. किंमत चुकवायची ती तुकडीने. तापलेली नळी सारखी बदला आणि बाकीच्यांनी गळ्यात काडतुसांचे पट्टे अडकवून चाला. अर्धी तुकडी बंदूक चालवणारी नव्हे, तिला जेवू घालणारी. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने ५.५६ मिलिमीटरची छोटी मिनीगन, एक्सएम-२१४, करून पाहिली. सैन्याने ती घेतली नाही.

भारताच्या संरक्षण मंत्रालयाने मार्च २०२० मध्ये लष्करासाठी १६,४७९ इस्रायली नेगेव लाइट मशीनगनचा करार केला. आठ किलोंच्या आतली, मिनिटाला सहा-सातशे गोळ्यांची, म्हणजे मिनीगनच्या पाव वेगाचीही नाही. खर्च नळीपाशी संपत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला १९६० च्या दशकापासून लहान हत्यारांची काडतुसं बनतात. तिथून निघालेली पेटी डोंगरातल्या चौकीपर्यंत पोचते ती ट्रकने, मग खेचराने, आणि शेवटची चढण कुणाच्या तरी पाठीवर.