खर्ऱ्याच्या मुलुखात दंतवैद्यांची संघटना

भंडाऱ्याहून तुमसरकडे निघालं की वाटेत मोहाडी लागते. चौंडेश्वरी देवीचं ठाणं, चहूकडे धानाच्या बांध्या, जवळच कोशाच्या कापडासाठी नावाजलेलं आंधळगाव. इथल्या कोणत्याही पानठेल्यावर घटकाभर थांबावं. बारीक सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदावर घेऊन तळहाताने जोर लावून घोटला जातो आणि खर्ऱ्याची पुडी तयार होते. रोवणीच्या बांधीत, आठवडी बाजारात, लग्नाच्या मांडवातही ती हातोहात फिरते. पूर्व विदर्भात दाताच्या डॉक्टरचं काम किडक्या दाढेपुरतं उरत नाही, ते या पुडीमुळे.

सुपारीने गालाचं आतलं अस्तर हळूहळू पांढरट आणि ताठर होतं. आधी भाजीचं तिखट झोंबू लागतं, मग तोंड उघडताना गाल ओढल्यासारखे वाटतात. या रोगाला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. आखडलेलं तोंड पूर्ववत होणं अवघड असतं आणि काही रोग्यांत पुढे कर्करोग उद्भवतो. रोगी मात्र अनेकदा घास जाईनासा झाल्यावरच येतो. अशा वेळी तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला संशयास्पद चट्टा कुणाला दाखवायचा, तुकडा तपासायला कुठे पाठवायचा, नवे उपचार कोणते, हे विचारायला हक्काची माणसं लागतात. इंडियन डेंटल असोसिएशनसारख्या संघटनेची खरी किंमत इथे कळते.

या संघटनेची मुळं कोलकात्यात आहेत. डॉ. रफिउद्दीन अहमद अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात दंतवैद्यक शिकून परतले, तेव्हा आपल्याकडे दात काढणं हा बाजारात बसून करायचा धंदा होता. कुणीही चिमटा घ्यावा आणि दुकान मांडावं. त्यांनी १९२० साली दंत महाविद्यालय काढलं, १९२५ साली बंगालमधल्या दंतवैद्यांची संघटना उभी केली आणि व्यवसायाचं नियतकालिकही सुरू केलं. त्या संघटनेतूनच पुढे इंडियन डेंटल असोसिएशन घडली. १९३९ साली बंगालात दंतवैद्यांसाठी कायदा झाला आणि १९४८ साली साऱ्या देशासाठी डेंटिस्ट्स ॲक्ट आला. पद्मभूषण मिळालेल्या या माणसाचा जन्मदिवस, २४ डिसेंबर, आज राष्ट्रीय दंतवैद्यक दिन म्हणून पाळला जातो.

१९४८च्या कायद्यातली एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. नोंदवहीचे दोन भाग केले गेले. ‘अ’ भागात पदवीधर आणि ‘ब’ भागात पदवी नसलेले, पण कायद्याआधी काही वर्षं याच धंद्यावर पोट भरणारे. जुन्यांची रोजीरोटी राखली आणि पुढे बिनशिक्षणाच्या माणसाला दार बंद केलं. १९४९ साली डेंटल कौन्सिल ऑफ इंडिया स्थापन झाली.

अशी परिषद (कौन्सिल) आणि संघटना (असोसिएशन) यांत लोक नेहमी गल्लत करतात. परिषद कायद्याने नेमलेली असते. राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय डॉक्टरला व्यवसाय करता येत नाही. संघटनेत डॉक्टर स्वखुशीने येतात. तिच्या हाती शिक्षेचा बडगा नाही. व्याख्यानं, कार्यशाळा, शिबिरं आणि एकमेकांचा आधार हेच तिचं बळ. तंबाखू सोडवण्यासाठी दंतवैद्यांना तयार करण्याची मोहीमही इंडियन डेंटल असोसिएशनने हाती घेतली. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, तरी खर्रा ठेल्यावर घोटला जातोच. म्हणून ही मोहीम मोहाडीसारख्या तालुक्यात सर्वांत जोरात चालायला हवी. शाळेत टूथपेस्ट वाटून शिबिर पार पडलं असं मानू नये. मोठ्या माणसांची तोंडं तपासावीत, नोंद ठेवावी आणि संशयित रोग्याला नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयापर्यंत पोचवावं. शहरातल्या शाखांनी वर्षाचा एक कार्यक्रम तरी तालुक्याच्या गावी घ्यावा, ही माझी आग्रहाची मागणी आहे.

वाचकांनीही आज एवढं करावं. आरशासमोर तोंड पूर्ण उघडून आपलीच तीन बोटं उभी, एकावर एक, वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालून पाहावीत. ती मावत नसतील, किंवा तोंडातला चट्टा दोन आठवड्यांत जात नसेल, तर दुखण्याची वाट न बघता नोंदणीकृत दंतवैद्याकडे जा. घरात खर्रा खाणारं कुणी असेल, तर त्यांनाही सोबत न्या.