मित्राला जामीन कशासाठी राहावे?

गळीत हंगाम सुरू झाला की बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील पैशाचे अभिसरण वाढते. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांची धुराडी पेटतात, ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात, बाजारपेठेत उलाढाल होते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने या भागाला ऊस दिला आणि उसाने सुबत्ता दिली. परंतु उसापासून साखरेबरोबर मळीही निघते. एक टन उसामागे सुमारे चाळीस किलो मळी आणि तिच्यापासून साधारण दहा लिटर मद्यार्क, असा हा ढोबळ हिशेब आहे. त्याचा मोठा हिस्सा आज पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी जातो हे खरे. तथापि राज्यातील देशी दारूचा पायाही मुख्यतः हाच मद्यार्क आहे.

राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने मादक पेयांच्या बंदीसाठी राज्याने प्रयत्न करावा, असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले. त्याच वेळी मद्यावरील उत्पादन शुल्क हा सरकारी तिजोरीचा एक मोठा आधार होऊन बसला. २०२५ च्या जून महिन्यात महाराष्ट्र मंत्रिमंडळाने हे शुल्क वाढवले, तेव्हा त्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांची अधिक भर पडेल अशी अपेक्षा व्यक्त करण्यात आली. ज्याच्या अंदाजपत्रकाला बाटलीचा टेकू आहे, ते सरकार एकेका पिणाऱ्याचा हात धरून त्याला मागे वळवील, ही आशा फोल होय. ती जबाबदारी मग घरावर आणि मित्रावर येते. घराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मित्राचा विचार फारसा झालेला नाही.

१९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ नाटकात सुधाकराला दारूची वाट दाखवणारा तळीराम आहे, तसा त्याला सावरू पाहणारा रामलालही आहे. पुढे तळीराम हा शब्द भाषेत सामान्यनाम होऊन रुळला. रामलालच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. पाजणारा मित्र समाजाला चटकन ओळखता येतो. सावरणाऱ्या मित्राने नेमके काय करावे, याची मात्र समाजाला आजही पुरेशी कल्पना नाही.

प्रथम शरीराचा हिशेब पाहू. निरोगी यकृत तासाला सुमारे ७ ते १० ग्रॅम शुद्ध मद्यार्काचा निचरा करते. १८० मिलिलिटरच्या एका ‘क्वार्टर’मध्ये सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे रात्री अकराला संपवलेली क्वार्टर सकाळी लवकर पुरती उतरलेली असेलच असे नाही, आणि तशाच अवस्थेत मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवला जातो. यकृताला रोज असे राबवले की आधी त्यात चरबी साठते, पुढे दाह होतो आणि अखेरीस त्याचे ऊतक वणांनी कठीण होते. पहिली अवस्था दारू थांबवल्यास बहुधा काही आठवड्यांत सुधारते. शेवटची पूर्ववत होणे कठीण. कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी ही लक्षणे दिसू लागेपर्यंत बराच काळ हातचा गेलेला असतो. रक्तदाब, स्वादुपिंडाचा दाह, हृदयाच्या स्नायूंचा अशक्तपणा, मज्जातंतूंची हानी आणि नैराश्य हे त्याचे अन्य परिणाम होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याचा कर्करोगकारक पदार्थांत समावेश केला. त्याला तंबाखूची जोड मिळाली की तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो.

चांगले खाणेपिणे असले म्हणजे दारू बाधत नाही आणि महागडी दारू यकृताला मानवते, असे सुशिक्षित मंडळीही सांगतात. दोन्ही समज निराधार आहेत. बाटलीवरील चिठ्ठी कोणतीही असो, यकृताला ठाऊक असतो तो मद्यार्क.

आता मित्राकडे वळू. शिक्षक आणि कारकून यांच्या जगात मैत्रीचा व्यावहारिक पुरावा म्हणजे पतसंस्थेच्या कर्जरोख्यावरील जामीनदाराची सही. पिणारा सहकारी हप्ते थकवतो आणि कपात जामीनदाराच्या पगारातून होते. तरीही दुसऱ्या वर्षी पुन्हा सही केली जाते, कारण नकार देणे म्हणजे मैत्री मोडणे असे वाटते. गैरहजेरीच्या दिवशी मुख्याध्यापकांना ‘त्याला ताप आहे’ असे सांगणे, त्याचे तास घेणे, राहिलेले टिपण लिहून देणे ही याच जामिनकीची अन्य रूपे होत. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, व्यसनाची खरी किंमत पिणाऱ्यापर्यंत पोहोचू न देण्याची ही व्यवस्था आहे. वस्तू स्वस्त झाली की तिचा खप वाढतो; हा नियम येथेही लागू पडतो.

दुसऱ्या टोकाला सक्ती आहे. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी अशी मजल करीत इंदापुरात येते. या वाटेवरील गावांत तुळशीची माळ घालून दारू सोडण्याची परंपरा जुनी आहे, आणि तिने अनेकांना आयुष्यभराचा आधार दिला आहे. तिच्याविषयी आदर ठेवूनच एक वैद्यकीय सत्य सांगितले पाहिजे. जो अनेक महिने रोज भरपूर पितो, त्याने एकाएकी थांबणे जिवावर बेतू शकते. थांबल्यावर सहा ते बारा तासांत हात कापू लागतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे दिसतात, ताप चढतो, नाडी धावते. लोक याला बाहेरची बाधा समजतात किंवा ‘पाजा थोडी, बरा होईल’ असे सांगतात. वास्तविक ही रुग्णालयात नेण्याची वेळ असते. योग्य औषधे आणि ‘बी-१’ जीवनसत्त्व मिळाले तर हे दिवस सहसा सुखरूप पार पडतात. शपथ अवश्य घ्यावी. तिच्या आधी डॉक्टरांची गाठ घ्यावी.

येथेच मित्राच्या हातून दोन गंभीर चुका होतात. पहिली, अपघात किंवा काविळीसाठी दाखल केलेल्या माणसाचे पिणे अब्रूपोटी डॉक्टरांपासून लपवणे. तिसऱ्या दिवशी रुग्ण बरळू लागला की कारण शोधण्यात मोलाचा वेळ जातो. दुसरी, न सांगता जेवणातून दारू सोडवण्याचे औषध देणे. अशा औषधांपैकी एकावर दारू प्यायल्यास रक्तदाब एकदम खाली जाऊन प्राण धोक्यात येऊ शकतात. ते रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. फसवून केलेला उपचार मैत्रीचा विश्वासही संपवतो.

मग मित्राने करावे तरी काय? त्याने बोलायचे ते सकाळी, माणूस शुद्धीवर असताना आणि चारचौघांत नव्हे. चारित्र्यावर ताशेरे न ओढता डोळ्यांनी पाहिलेले सांगावे: या महिन्यात सहा दिवस तू कामावर नव्हतास, परवा मुलीची फी भरायची राहिली. रोख रक्कम देऊ नये. औषधाचे बिल थेट दुकानात भरावे. कर्जरोख्यावर सही नाकारावी, पण नाकारून निघून जाऊ नये. खोटे बोलणे थांबवावे. त्याच्यासमोर स्वतः पेला उचलू नये. आणि ‘डॉक्टरकडे जा’ एवढा सल्ला देऊन न थांबता तारीख ठरवून स्वतः बरोबर जावे.

या शेवटच्या गोष्टीचे मोल मोठे आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, मद्यपानामुळे ज्यांना मदतीची गरज आहे असे सुमारे ५ कोटी ७० लाख लोक देशात आहेत. मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कोणत्याही प्रकारचा उपचार मिळतो. उरलेले ३७ उपचारापर्यंत का पोहोचत नाहीत? दूरचे अंतर आणि खर्च ही कारणे आहेतच. पण लाज आणि एकटेपण ही कारणेही तितकीच बलवत्तर आहेत, आणि तीच मित्राला दूर करता येतात. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांकावर आणि १४४१६ या मानसिक आरोग्याच्या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. फिट किंवा भ्रम आल्यास १०८ ला बोलवावे. जगण्यात अर्थ उरला नाही असे तो बोलला, तर ते दारूचे बोलणे म्हणून सोडून देऊ नये. त्याला एकटे ठेवू नये.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे समुपदेशक म्हणून नव्यांना आधार देतात. अमेरिकेत १९३५ मध्ये ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ची सुरुवात झाली, तीही दोन व्यसनी माणसांच्या संभाषणातून. दारूची ओढ अनावर झालेल्या बिल विल्सन यांनी दुकान गाठण्याऐवजी आपल्यासारखाच दुसरा माणूस शोधला, तो डॉ. बॉब स्मिथ हा शल्यचिकित्सक होता. दोघेही पुढे अखेरपर्यंत दारूपासून दूर राहिले. उपदेशकापेक्षा सोबती अधिक उपयोगी पडतो, हा या दोन्ही प्रयोगांचा धडा आहे.

अर्थात मित्राच्या सामर्थ्यालाही मर्यादा आहेत. दारू सुटल्यानंतर ती पुन्हा सुरू होणे ही या आजारातील नित्याची घटना आहे; मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली म्हणून कोणी त्याला बेइमान म्हणत नाही. तरीही काही जण मदत नाकारतात, आणि तो मित्राचा अपराध ठरत नाही. अशा वेळी त्याने पिणाऱ्याच्या पत्नीकडे आणि मुलांकडे पाहावे. घरात मारहाण होत असेल तर मैत्रीच्या नावाखाली मौन पाळू नये. मुलांच्या शिक्षणाची चौकशी करावी, त्या घराशी येणेजाणे ठेवावे. कारण दारुड्याचे घर म्हणून गाव ते टाळू लागलेले असते.

पतसंस्थेच्या रोख्यावरील जामीनदाराची जबाबदारी शेवटच्या हप्त्याबरोबर संपते. येथे मुदत लिहिलेली नसते. दारू सोडल्याच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या घरी रोज जाणे, पुढे तपासणीची तारीख लक्षात ठेवणे आणि पगाराच्या संध्याकाळी त्याच्याबरोबर त्याच्या घरापर्यंत चालत जाणे, एवढी साधी कामे त्यात येतात. दोन्ही तालुक्यांतल्या शाळा-कार्यालयांत ती करू शकणारी माणसे आहेत, आणि ज्याच्यासाठी ती करायची तो बहुधा शेजारच्याच टेबलावर बसलेला आहे.