फडके रोडच्या ट्यूबलाइटचं दुसरं टोक

डोंबिवलीत फडके रोडवरच्या एखाद्या दुकानात अजून जुनी ट्यूबलाइट असेल, तर तिच्या पट्टीखाली क्षणभर उभे राहा. बारीक गुणगुण ऐकू येते. तो आतला तांब्याच्या तारेचा चोक. ट्यूब ४० वॅटची; पण चोक वर १२ ते १५ वॅट खातो आणि त्याची नुसती उष्णता करतो. दुकानात एसी असला, तर ती उष्णता बाहेर टाकायला पुन्हा वीज लागते! तिच्या जागी २० वॅटची एलईडी ट्यूब पुरते.

वीस ट्यूबांचा एखादा क्लास धरा. रोज सहा तास चालला, तर दिवसाला चार युनिट वाचतात. औष्णिक केंद्रात एका युनिटमागे साधारण पाऊण किलो कोळसा जळतो. म्हणजे रोजचा तीन किलो कोळसा तसाच राहतो.

असा कोळसा चंद्रपूरला जळतो. तिथून भिवंडी तालुक्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची उच्चदाब वाहिनी आहे, आणि तिच्यातून वीज डीसी रूपात, म्हणजे एकाच दिशेने, धावते. पडघ्याला ती एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणारी, होते, मग ती ग्रिडमध्ये मिसळून शहरांकडे निघते. आणि एलईडीतला इवलासा ड्रायव्हर तिला परत डीसी करतो! इतका खटाटोप होऊन हा दिवा बटण दाबताच लागतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण वीज विकणारी कंपनीच ‘कमी वापरा’ का म्हणेल? संध्याकाळी घरं, दुकानं, स्टेशनं एकदमच उजळतात. त्या काही तासांसाठी कोयनेची जनित्रं फिरवावी लागतात, महागडी वीज विकत घ्यावी लागते. तेव्हा न लागलेलं युनिट कंपनीलाही हवंच असतं. म्हणून राज्य वीज नियामक आयोगाने २०१० मध्ये वीज कंपन्यांसाठी मागणी व्यवस्थापनाचे नियमच केले. सार्वजनिक बांधकाम खात्याने सरकारी इमारतींसाठी ईईएसएल या ऊर्जाबचत कंपनीशी करार केला, त्यातली युक्ती मला सर्वांत आवडते: दिवे-पंखे बदलायचा खर्च आधी ईईएसएलने करायचा आणि वाचलेल्या बिलातून तो फेडून घ्यायचा.

२० किलोवॅटपेक्षा मोठ्या व्यावसायिक जोडणीचं बिल मिळालं तर जरूर बघा. दिवसाच्या वेळेनुसार युनिट वेगवेगळे मांडलेले असतात, आणि संध्याकाळचा दर चढा असतो. दिवे बदलायला सुरुवात कुठून करायची, ते त्याच ओळीत कळतं: संध्याकाळभर जळणाऱ्या दिव्यांपासून.