न दिसणारा धूर

एखाद्या लॉरीच्या मागून काळा धूर निघाला म्हणजे आपण नाकास रुमाल लावतों, आणि तो दिसेनासा झाला म्हणजे हवा शुद्ध झाली असें समजतों. ही समजूत अर्धीच खरी आहे. आमच्या वाचकांस आज ज्या धुराचा परिचय करून द्यावा असें आम्हांस वाटतें, तो डोळ्यांस बहुधा दिसतच नाहीं.

रुडॉल्फ डिझेल यानें १८९७ सालीं जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें आपलें एंजिन यशस्वी करून दाखविलें. त्यांत तेल पेटविण्यास ठिणगी लागत नाहीं. हवाच इतकी दाबली जाते कीं, तिच्या उष्णतेनें तेल पेट घेतें. या हवेचे शंभरांतील सुमारें ७८ भाग नत्रवायु व २१ भाग प्राणवायु असतो. एरव्हीं हे दोघे शेजारीं राहूनही एकमेकांच्या वाटेस जात नाहींत. परंतु एंजिनांतील प्रखर उष्णतेंत त्यांचा संयोग होऊन नत्राचीं प्राणिदें, म्हणजेच नायट्रोजन ऑक्साइडें, जन्मास येतात. हीं श्वासनलिकांचा दाह करतात व दमेकऱ्यांचा दमा वाढवितात.

पेच असा कीं, ज्वलन जितकें प्रखर तितकी काजळी कमी, पण प्राणिदें अधिक. पेट्रोलच्या मोटारींतील उपायही येथें चालत नाहीं; कारण डिझेलच्या धुरांत प्राणवायु पुष्कळ शिल्लक उरतो व तो त्या कार्यांत आड येतो.

मार्ग निघाला तो अमोनियाच्या साहाय्यानें. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत जपानमधील वीजकेंद्रांच्या धुराड्यांवर ही युक्ति योजिली गेली. गाडींत अमोनिया बाळगणें धोक्याचें. म्हणून निराळ्या टाकींत युरियाचें पाणी भरतात. त्यांत शेंकडा ३२.५ भाग शुद्ध युरिया असतो. तें तापलेल्या धुरांत फवारलें म्हणजे अमोनिया सुटतो. पुढें मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र ठोकळा असून त्यावर उत्प्रेरकाचें पूट दिलेलें असतें. लग्न लावणारे भटजी दोन घरें जोडून देऊन आपण जसेच्या तसे घरीं परततात, तसाच हा उत्प्रेरक! त्याच्या मध्यस्थीनें अमोनिया व प्राणिदें यांचा निरुपद्रवी नत्रवायु आणि पाण्याची वाफ होते. मात्र धूर पुरेसा तापलेला हवा. सुमारें २०० अंशांखालीं हें कार्य मंदावतें.

भारतांत १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. डिझेल मोटारीस पूर्वीं दर किलोमीटरीं २५० मिलिग्रॅम प्राणिदें सोडण्याची मुभा होती; ती ८० वर आली. मालट्रकांवर युरियाची टाकी सर्रास दिसूं लागली ती या नियमांमुळें.

परंतु यंत्र कितीही चतुर असलें, तरी तें अखेर माणसाच्या सचोटीवरच चालतें. फोक्सवॅगन कंपनीनें आपल्या डिझेल मोटारींत एक संगणकी आज्ञावली दडविली होती व ती केवळ परीक्षेपुरता धूर शुद्ध ठेवी, हें २०१५ सालीं अमेरिकेंत उघडकीस आलें. शेतीचा युरिया पाण्यांत ढवळून टाकींत ओतणें, किंवा खर्च वांचविण्यासाठीं ती व्यवस्थाच बंद पाडणें, हीही त्याच जातीची फसवणूक होय. अशुद्ध द्रवानें उत्प्रेरक निकामी होतो, आणि धूर दिसत नसल्यानें कोणास त्याचा पत्ताही लागत नाहीं.

तेव्हां घरच्या गाडीस अगर मुलांच्या शाळेच्या बसला अशी टाकी असल्यास ती शुद्ध द्रवानें वेळेवर भरली जाते ना, एवढी चौकशी घरांतील वडीलधाऱ्यांनीं अवश्य करावी. तो धूर आपणांस दिसत नसला, तरी मुलांच्या छातींत तो जातच असतो.