आवंढ्याचा माग

नांदगाव असो की मालवण किनाऱ्यावरची एखादी वाडी, पक्षाघाताच्या रुग्णाला घरी आणले की पहिल्यांदा पुढे येते ती पेज. पचायला ती हलकी, यात शंका नाही. पण पचनाच्या आधी गिळणे येते आणि तिथे पेज अवघड असते. तिचे पाणी पुढे धावते, शिते मागे रेंगाळतात. दुबळ्या घशाला दोन्ही एकदम सांभाळत नाहीत.

गळ्यावर बोट ठेवून एक आवंढा गिळून पाहा. कंठमणी वर सरकतो, क्षणभर थांबतो, खाली येतो. त्याच्या वरच्या बाजूला घोड्याच्या नालेसारखे एक हाड आहे, कंठास्थी. दुसऱ्या कुठल्याही हाडाशी त्याचा सांधा नाही. स्नायूंच्या झोळीत ते लोंबकळत असते. गिळताना हनुवटीखालचे स्नायू त्याला वर आणि पुढे ओढतात, पाठोपाठ स्वरयंत्र चढते. या एका ओढीत श्वासमार्ग झाकला जातो आणि अन्ननलिकेचे तोंडही उघडते. सारा खेळ जेमतेम सेकंदाचा.

वाचा-उपचारतज्ज्ञ हीच हालचाल चार बोटांनी तपासतात. तर्जनी हनुवटीखाली, मधले बोट कंठास्थीवर, अनामिका आणि करंगळी कंठमण्याच्या वर-खाली. जपानमध्ये रूढ झालेल्या एका चाचणीत ३० सेकंदांत नुसती लाळ किती वेळा गिळली जाते, ते मोजतात. ३ पेक्षा कमी भरले तर पुढची तपासणी हवी. घोटभर पाणीही न पाजता होणारी ही चाचणी खेड्यातल्या दवाखान्यातही सहज करता येईल. तोंडाच्या कर्करोगासाठी मानेवर किरणोपचार झालेल्यांच्या ऊती ताठरतात. त्यांचा कंठमणी अर्ध्यावरच अडल्यासारखा वाटतो.

बोटांना चढउतार कळतो, थेंब कुठे गेला ते कळत नाही. ‘ठसका लागला नाही, म्हणजे नीट उतरले’ हा आपला घरगुती निकष तर त्याहून फसवा. घशाची संवेदना गेली असेल तर घास श्वासनलिकेत उतरतो आणि ठसकाही येत नाही. मग न्यूमोनिया होतो, आणि घरचे त्याचा दोष हवेला देतात. गिळल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल तर पेज थांबवून डॉक्टरांना कळवावे.

घास नेमका कुठे गेला हे बेरियम मिसळलेला घास देऊन घेतलेल्या क्ष-किरण चित्रफितीत दिसते. ती सोय मोठ्या रुग्णालयांत. हनुवटीखाली सोनोग्राफीचे यंत्र टेकवले तर निदान कंठास्थीची काळी सावली पुढे सरकताना दिसते, तीही किरणांशिवाय.