जैवरासायनिक अभियांत्रिकीचे पदवीस्तरावरील अध्यापन

जैवरासायनिक अभियांत्रिकी ही रासायनिक अभियांत्रिकीची एक शाखा आहे. सूक्ष्मजीव, पेशी किंवा विकरे म्हणजेच एन्झाइमे यांच्या साहाय्याने घडणाऱ्या प्रक्रिया कारखान्याच्या प्रमाणावर कशा चालवाव्यात, याचा अभ्यास या शाखेत केला जातो. प्रतिजैविके, लसी व मद्यार्क यांचे उत्पादन, तसेच सांडपाण्याचे जैविक शुद्धीकरण हे तिचे प्रमुख विषय होत. रासायनिक अभियांत्रिकीच्या पदवी-अभ्यासक्रमात हा विषय बहुधा शेवटच्या वर्षांत शिकवला जातो. प्रस्तुत लेखात या अध्यापनाचे स्वरूप आणि त्यातील अडचणी यांची माहिती दिली आहे. उदाहरणासाठी पनवेल तालुक्यातील नावडे व त्यालगतची तळोजा औद्योगिक वसाहत यांचा आधार घेतला आहे.

== इतिहास ==

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लावला. परंतु ते मोठ्या प्रमाणावर तयार करणे पुढे अनेक वर्षे साधले नव्हते. आरंभी बुरशी उथळ भांड्यांत आणि बाटल्यांत वाढवली जात असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवा खेळवलेल्या खोल टाक्यांत ती वाढवण्याची पद्धत विकसित झाली. असा पहिला व्यापारी कारखाना १९४४ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे सुरू झाला. त्याच्या आराखड्यात मार्गारेट हचिन्सन रूसो या रासायनिक अभियंतीचा प्रमुख वाटा होता. जीवशास्त्रज्ञाचा शोध आणि अभियंत्याची टाकी यांच्या या मेळातून ही शाखा आकाराला आली.

महाराष्ट्रात पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. भारतातील पेनिसिलिन-उत्पादनाचा पाया तिने घातला. शिक्षणाच्या क्षेत्रात मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग १९३३ साली सुरू झाला. माटुंगा येथील ही संस्था २००८ साली अभिमत विद्यापीठ झाली आणि आज ती रसायन तंत्रज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. वायू आणि द्रव यांच्यातील वस्तुमान-संक्रमणावर तेथे झालेले संशोधन जगभर मान्यता पावले आहे. किण्वनाच्या टाकीतील हवेचा प्रश्नही मुळात याच प्रकारचा आहे. संस्थेत जैवऊर्जेच्या संशोधनासाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने स्वतंत्र केंद्रही उभारण्यात आले आहे.

== विद्यार्थ्यांपुढील अडचण ==

शेवटच्या वर्षात आलेल्या विद्यार्थ्याला वस्तुमान व ऊर्जा यांचा समतोल, प्रवाहयांत्रिकी, उष्णता-संक्रमण आणि अभिक्रियेचा वेग हे विषय परिचित असतात. जीवशास्त्राशी मात्र त्याचा संबंध बहुधा दहावीनंतर तुटलेला असतो. त्यामुळे अनेक अध्यापक आरंभी सूक्ष्मजीवशास्त्राचा मोठा भाग शिकवतात आणि विद्यार्थी तो पाठांतराचा विषय समजतो.

प्रत्यक्षात नवे नियम थोडेच असतात. बदलतो तो उत्प्रेरक. प्लॅटिनमचा उत्प्रेरक वाढत नाही, त्याला अन्न लागत नाही. सूक्ष्मजीव हा उत्प्रेरकही असतो आणि उत्पादही. तो वाढतो, बदलतो, उपाशी राहतो आणि मरतो. तापमान वाढवले की अभिक्रियेचा वेग वाढतो, ही विद्यार्थ्याची सवयीची समजूत येथे एका मर्यादेपर्यंतच खरी ठरते. त्यापुढे विकर नष्ट होते आणि वेग एकदम कोसळतो. हा फरक मनात ठसवणे हे या अध्यापनाचे मुख्य उद्दिष्ट मानता येईल.

== अध्यापनाचे प्रमुख घटक ==

'''वस्तुमान समतोल.''' साखर कारखान्यातील मळीपासून मद्यार्क बनवणे हे महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला परिचित असलेले उदाहरण आहे. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून सिद्धांताप्रमाणे ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो, म्हणजे मद्यार्काचा उतारा सुमारे ५१ टक्के येतो. प्रत्यक्ष उतारा याहून कमी असतो, कारण यीस्ट काही साखर स्वतःच्या वाढीसाठी खर्च करते.

'''वाढीचा वेग.''' विकरांच्या क्रियेचे समीकरण मिकेलिस आणि मेंटेन यांनी १९१३ साली मांडले. सूक्ष्मजीवांच्या वाढीसाठी तशाच रूपाचे समीकरण जाक मोनो यांनी १९४० च्या दशकात मांडले. अन्न कमी असताना वाढ अन्नाच्या प्रमाणात होते. अन्न मुबलक झाले की वाढीचा वेग कमाल मर्यादेला टेकतो. अखंड प्रवाहाच्या टाकीत याचा परिणाम स्पष्ट दिसतो. १,००० लिटरच्या टाकीतून ताशी ५०० लिटर द्रव वाहत असेल, तर दर तासाला टाकीच्या आकारमानाच्या ०.५ पट द्रव बाहेर जातो. सूक्ष्मजीवाच्या वाढीचा कमाल वेग ताशी ०.४ असेल, तर तो जेवढा वाढतो त्याहून अधिक वाहून जातो आणि अखेर टाकी रिकामी पडते. या घटनेला धुपून जाणे म्हणता येईल.

'''ऑक्सिजनचा पुरवठा.''' ३० अंश सेल्सिअसला हवेच्या संपर्कातील पाण्यात लिटरमागे सुमारे ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजनच विरघळतो. दाट वाढलेले सूक्ष्मजीव लिटरमागे ताशी २ ग्रॅम ऑक्सिजन वापरत असतील, तर हवा बंद पडल्यावर हा साठा तेरा-चौदा सेकंदांत संपतो. हे गणित विद्यार्थ्याने स्वतः केले, की कारखान्यात हवेच्या यंत्रणेला एवढे महत्त्व का असते, हे निराळे सांगावे लागत नाही.

'''प्रमाणवृद्धी.''' १० लिटरच्या भांड्याचा आकार तसाच ठेवून १०,००० लिटरची टाकी केली, तर आकारमान हजारपट आणि पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. लिटरमागे मिळणारा पृष्ठभाग एक दशांश उरतो. त्यामुळे किण्वनात निर्माण होणारी उष्णता बाहेरच्या भिंतीतून निघून जात नाही आणि टाकीत थंड पाण्याच्या नळ्या बसवाव्या लागतात.

'''निर्जंतुकीकरण.''' १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेने जंतू मारले जातात. परंतु ते एकाच क्षणी मरत नाहीत, उरलेल्यांपैकी ठरावीक हिस्सा दर मिनिटाला मरतो. म्हणून टाकी जितकी मोठी, तितका वेळ अधिक लागतो.

== नावडे-तळोजा परिसराचे उदाहरण ==

नावडे हे रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील गाव असून ते पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत येते. दिवा-पनवेल रेल्वेमार्गावर नावडे रोड हे स्थानक आहे. लगतच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत अनेक रासायनिक कारखाने असून त्यांच्यासाठी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. या परिसरातून कासाडी नदी वाहते आणि पुढे खाडीला मिळते. तिच्या प्रदूषणाविषयी मासेमारीवर जगणाऱ्या स्थानिकांच्या तक्रारी जुन्या आहेत आणि हा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढेही गेला होता.

जैविक सांडपाणी प्रक्रिया ही जैवरासायनिक अभियांत्रिकीची जणू उघड्यावरची प्रयोगशाळा होय. आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ साली मँचेस्टर येथे सक्रियित गाळाची पद्धत मांडली. हवा दिलेल्या टाकीत सूक्ष्मजीव सेंद्रिय द्रव्ये खातात. नंतर गाळ खाली बसवून त्याचा मोठा भाग पुन्हा टाकीत आणला जातो. त्यामुळे पाणी काही तासांत पुढे जाते, पण सूक्ष्मजीव कित्येक दिवस टाकीत राहतात आणि धुपून जाण्याचा धोका टळतो. वर सांगितलेले वाढीचे समीकरण, ऑक्सिजनचा हिशेब आणि वस्तुमान समतोल हे तिन्ही येथे एकत्र येतात.

पद्धतीची मर्यादाही येथेच कळते. भारतात जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी सामान्यतः २७ अंश सेल्सिअसला तीन दिवसांत मोजतात. जमिनीवरील जलाशयात सोडावयाच्या सांडपाण्यासाठी ती लिटरमागे ३० मिलिग्रॅम आणि रासायनिक ऑक्सिजन मागणी २५० मिलिग्रॅम ही सर्वसाधारण कमाल मर्यादा आहे. पहिली मागणी जंतू काय खाऊ शकतात ते सांगते, तर दुसरी एकूण किती द्रव्य आहे ते. दोहोंतील अंतर फार असेल, तर टाकी कितीही मोठी केली तरी जंतूंना न पचणारी द्रव्ये तशीच पुढे जातात. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा परिसरातील भटकी कुत्री निळी झालेली आढळली आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने रंगद्रव्य वापरणाऱ्या एका कारखान्याचे काम थांबवले. अनेक कृत्रिम रंग हवेच्या टाकीत सहजी विघटित होत नाहीत. ते उगमापाशीच अडवावे लागतात. त्याचप्रमाणे एखाद्या कारखान्याने अचानक तीव्र आम्ल किंवा विषारी द्राव सोडल्यास टाकीतील जंतू मरतात आणि नव्या जंतूंची वाढ होईपर्यंत केंद्राचे काम मंदावते. निर्जीव उत्प्रेरकाच्या अनुभवावर विसंबणाऱ्या अभियंत्याला हे लवकर उमगत नाही.

== प्रात्यक्षिके ==

विषयासाठी नेहमीच महागडी उपकरणे लागतात असे नाही. साखरेच्या पाण्यात यीस्ट घालून चंबूचे वजन ठरावीक वेळाने करत गेल्यास, निघून गेलेल्या कार्बन डायऑक्साइडवरून किण्वनाचा वेग काढता येतो. सोडियम सल्फाइटच्या द्रावणात हवा सोडून ऑक्सिजन विरघळण्याचा वेग मोजता येतो. सांडपाणी केंद्रातील गाळ एक लिटरच्या नळकांड्यात अर्धा तास ठेवून तो किती बसतो, हे पाहण्याची चाचणी केंद्रातील कर्मचारी नित्य करतात; विद्यार्थ्यांनाही ती सहज करता येते. गाळ नीट बसत नसेल तर त्याचे कारण शोधणे हा विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रश्न ठरतो, कारण त्याचे उत्तर पुस्तकातील एका सूत्रात मिळत नाही. ऑक्सिजन कमी पडला की अन्न कमी झाले, तंतुमय जंतू माजले की विष आले, हे मोजमापांवरून ठरवावे लागते.

रासायनिक अभियांत्रिकीचे बहुतेक पदवीधर किण्वनाच्या कारखान्यात नोकरी करत नाहीत. तथापि ज्या रासायनिक कारखान्यात ते जातात, तेथे सांडपाण्याची टाकी बहुधा असतेच. त्यामुळे हा विषय ऐच्छिक असला तरी त्यातील जैविक शुद्धीकरणाचा भाग प्रत्येक विद्यार्थ्याला उपयोगी पडणारा आहे.